ओठांशी जुळलेला आवाज

(युवा कार्यकर्त्यांच्या व्हिडिओ कार्यशाळेतील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून तुम्ही मुलाखत कशी घ्यायची, प्रश्न कसे विचारायचे, परवानगी कशी मागायची हे ऐकलंत. माझ्या वाट्याला आलेला विषय त्यामानाने रुक्ष आहे. चित्र एका यंत्रावर घेतलं आणि आवाज दुसऱ्या यंत्रावर, तर संपादन करताना त्या दोघांना एकत्र कसं बसवायचं आणि शेवटपर्यंत एकत्र कसं ठेवायचं. कार्यक्रमपत्रिकेवर याला ‘तांत्रिक सत्र’ म्हटलंय. असू दे. पण तंत्राकडे वळण्याआधी एक हकीकत सांगते, म्हणजे एवढा आटापिटा कशासाठी ते कळेल.

कोकणातल्या एका गावात एका संस्थेने एका खालांची मुलाखत घेतली होती. संस्थेचं नाव घेत नाही, हेतू चांगलाच होता. खालांचं म्हणणं साधं होतं. वडील गेल्यावर भावांनी त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. कुरआनने मुलीला दिलेला हिस्सा आहे, तो मी माझ्या खुशीने सोडलेला नाही, असं त्या कॅमेऱ्यासमोर बोलल्या. सत्तरीच्या बाईने हे आपल्या बोलीत, आपल्या तोंडाने सांगायचं, तेही भाऊ त्याच मोहल्ल्यात राहत असताना, ही लहान गोष्ट नव्हे.

व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. सुरुवातीची दोन मिनिटं ठीक होती. पुढे आवाज ओठांच्या मागे पडत गेला, आणि अंगठ्याची गोष्ट येईपर्यंत चांगला पाव सेकंद मागे होता. पुतण्याने गावच्या ग्रुपवर लिहिलं, ‘हा आवाज फूफींचा नाहीच. बाहेरच्या लोकांनी त्यांच्या तोंडी शब्द घातलेत. बघा, ओठ एक बोलतायत आणि ऐकू दुसरंच येतंय.’ त्यानंतर हक्कसोडपत्राबद्दल कुणी बोललंच नाही, सगळी चर्चा व्हिडिओ खरा की खोटा यावर. खालांना तीन ठिकाणी जाऊन सांगावं लागलं की होय, मीच बोलले. चौथ्यांदा त्यांनी दार लावून घेतलं. नंतर आम्ही गेलो तेव्हा चहा दिला, पण कॅमेरा पिशवीतून काढू दिला नाही.

पाव सेकंदाची किंमत खालांनी मोजली. पुतण्याला खोटं ठरवायला दुसरं काही हातात नव्हतं, आपल्याच लोकांनी ते त्याच्या हातात दिलं. आज कुठल्याही क्लिपला ‘बनावट’ म्हणणं फार सोपं झालंय, आणि खरोखरच बनावट क्लिपांनी आपल्या समाजाला किती पोळलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आपल्या हातून निघणाऱ्या साक्षीत अशी फट राहता कामा नये.

आता कुणी म्हणेल, मग आवाज वेगळा घ्यायचाच कशाला? कॅमेऱ्याचाच वापरा, सगळा प्रश्न मिटला. पाच मिनिटांची बाइट असेल, खोली शांत असेल, तर खुशाल तसंच करा. पण आपण जातो कुठे? दीड खोलीच्या घरात. डोक्यावर पंखा, शेजारी कुकरची शिट्टी, खाली रिक्षा, मध्येच अजान. फोन दोन मीटरवर तिपाईला लावलेला असतो, आणि त्याच्या माइकला पंखा आणि आजी सारख्याच अंतरावर. तेच कॉलरचा माइक हनुवटीपासून एक वीत खाली लावला की आजी ठळक होते आणि पंखा मागे जातो. हा माइक दुसऱ्या फोनला जोडायचा, तो फोन विमान मोडवर टाकायचा, म्हणजे मध्येच कुणाचा कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटत नाही, आणि त्यांच्या शेजारी उशीखाली ठेवून द्यायचा. माइक ओढणीला लावताना कापड घासतं, त्याचा खरखराट नंतर काही केल्या जात नाही, म्हणून चिमटा घट्ट शिवणीवर लावा. आणि बाई असतील तर माइक आपल्यातल्या मुलीनेच लावायचा, हे वेगळं सांगायला नको.

तर वेगळा आवाज हवाच. मग जोडणं आलं.

आधी डोळा-कानाचं समजून घेऊ. तुम्ही मैदानाच्या टोकाला, सीमारेषेजवळ उभे आहात. फलंदाजाने चेंडू मारलेला दिसतो आणि ‘टक’ हा आवाज जरा नंतर येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे सत्तर मीटरवरून यायला त्याला एक पंचमांश सेकंद लागतो. नदीपल्याडच्या धोब्याचंही तसंच, धोपाटणं आधी दिसतं, आवाज मागून येतो. म्हणजे निसर्गात आवाज चित्राच्या मागे राहतो, पुढे कधीच जात नाही. आपल्या मेंदूला याची जन्मापासून सवय आहे. त्यामुळे आवाज थोडा उशिरा आला तर तो चालवून घेतो, पण ओठ हलण्याआधी आवाज आला की लगेच खटकतं.

हे मोजलेलंही आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणासाठीच्या शिफारशीत म्हटलंय की आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर बघणाऱ्याला जाणवू लागतं, आणि मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. युरोपच्या प्रसारण संघाची मर्यादा याहून कडक आहे, ४० पुढे, ६० मागे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तेव्हा हिशोब सोपा ठेवा. आवाज एक फ्रेमसुद्धा पुढे नको. मागे एखादी फ्रेम राहिली तर जीव जात नाही.

हिंदी सिनेमामुळे आपली नजर या बाबतीत जरा बिघडलीय, असं माझं मत आहे. १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, तेव्हा आवाज चित्रीकरण चालू असतानाच थेट फिल्मवर घेतलेला होता. पुढे खडखडणारे कॅमेरे आले, बाहेरचं चित्रीकरण वाढलं, आणि नट नंतर स्टुडिओत येऊन स्वतःच्याच ओठांवर संवाद म्हणू लागले. अनेक दशकं हेच चाललं. २००१ साली ‘लगान’ जागेवर घेतलेल्या आवाजानिशी केला तेव्हा त्याची वेगळी चर्चा झाली, एवढी डबिंगची सवय पडली होती. सिनेमात ओठ-आवाज थोडे इकडेतिकडे झाले तरी आपण गोष्टीत रमलेले असतो, नटाला कुणी खोटारडा म्हणत नाही. साक्ष देणाऱ्या बाईला म्हणतात.

आता प्रत्यक्ष काम. जुळवायला दोन्ही यंत्रांत एकाच क्षणाची खूण हवी, जी दिसेलही आणि ऐकूही येईल. सिनेमावाले पाटी आपटतात. आपण टाळी वाजवायची. एकच, कोरडी, कॅमेऱ्यात दोन्ही तळवे पूर्ण दिसतील अशी, बोलणाऱ्याच्या माइकजवळ. आवाजाच्या आलेखात टाळी उभ्या सुळक्यासारखी दिसते आणि चित्रात तळवे एकमेकांना चिकटल्याची एकच फ्रेम सापडते. सुळका त्या फ्रेमखाली आणायचा, झालं. टाळीआधी तोंडाने तारीख आणि मुलाखतीचा क्रमांक बोला. नाव बोलायचं की नाही ते परवानगीवर.

वयस्क माणसाच्या तोंडासमोर टाळी वाजवणं काहींना उद्धट वाटतं, काही दचकतात. मी सरळ त्यांनाच सांगते, ‘दादी, तुम्हीच एक टाळी वाजवा ना.’ त्या हसतात. हसल्या की मुलाखत निम्मी झालीच.

टाळी राहून गेली, किंवा कुणी दुसऱ्यानेच चित्रीकरण करून फाइल तुमच्याकडे दिली, तर काय? तर शाळेतली वर्णमाला आठवा. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजनं. ती म्हणायला ओठ मिटावेच लागतात. आपल्याकडची वडीलधारी माणसं बोलायला लागतात ती बहुधा ‘बिस्मिल्लाह’ म्हणून. पहिलंच अक्षर ब! ओठ मिटलेले, आणि मग उघडतात. ज्या फ्रेममध्ये ओठ पहिल्यांदा विलग होतात तिथे आलेखातला ‘ब’चा फुटवा आणा. पुढे लगेच ‘म’ येतो, तिथे ताडून बघा. पण ‘म’च्या बाबतीत सांभाळा. ‘म’ ओठ मिटलेले असतानाच नाकातून वाजू लागतो, त्यामुळे त्याच्या सुरुवातीवर जाऊ नका. ‘म’ संपून स्वर सुरू होतो ती जागा पकडा. अम्मी, बाप, भाऊ, मुंबई, महिना, पैसे, असे शब्द दर वाक्यात सापडतात. ‘क’ किंवा ‘ग’वर जुळवायला जाऊ नका. ते घशाकडे होतात, ओठांवर काही दिसत नाही.

आणि चेहरा नकाबात असेल तर? किंवा ओळख लपवायची म्हणून पाठमोरं बसवलं असेल तर? काहीजण म्हणतात, ओठच दिसत नाहीत, मग जुळलं काय नि न जुळलं काय. हे बरोबर नाही. माणूस फक्त ओठांनी बोलत नाही. ‘नाही’ म्हणताना मान हलते, जोर दिला की हात खाली येतो, श्वास घेतला की नकाबाचं कापड आत ओढलं जातं. हे सगळं आवाजापासून सुटलं की बघणाऱ्याला नेमकं कारण सांगता येत नाही, पण बाई खोटं बोलतेय किंवा पढवलेलं बोलतेय असं वाटायला लागतं. हे तर आणखी वाईट. अशा वेळी टाळी नक्की घ्याच. राहिली असेल तर कप बशीवर ठेवल्याचा आवाज शोधा, बांगड्या पाटाला लागल्याचा शोधा, चुटकी, काडेपेटी, काहीही. जिथे वस्तू वस्तूला लागते आणि ते दिसतं, ती खूण.

सॉफ्टवेअर हे आपोआपही करून देतं. केडेनलाइव्ह फुकट आहे, दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आहे, दोन्हींत आवाजाचे आलेख ताडून जुळवण्याची सोय आहे. पण त्यासाठी कॅमेऱ्याचा स्वतःचा आवाज लागतो, कितीही वाईट असला तरी. तो ‘कच्चा’ आवाज म्हणजे पूल आहे. म्हणून वेगळा रेकॉर्डर आहे म्हणून कॅमेऱ्याचा माइक बंद करू नका. जुळल्यावर कच्चा आवाज गप्प करा, नाहीतर दोन्ही मिळून विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतं. पण पुसून टाकू नका. पुढे शंका आली तर त्याच्याशीच ताडायचंय.

आपोआप जुळवणी एका ठिकाणी हमखास फसते, ते लक्षात ठेवा. सभा आहे. कॅमेरा मागच्या भिंतीशी, व्यासपीठापासून तीस मीटरवर, आणि रेकॉर्डर वक्त्याच्या टेबलावर. कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत आवाज पोहोचायला ८७ मिलिसेकंद लागले, म्हणजे दोन फ्रेम. सॉफ्टवेअर टेबलावरचा स्वच्छ आवाज त्या उशिरा पोहोचलेल्या आवाजाशी इमानदारीने जुळवतं. त्यात सॉफ्टवेअरची चूक काही नाही, तुम्ही त्याला ओठ बघायला सांगितलंच नव्हतं. तिथे आवाज हाताने दोन फ्रेम अलीकडे सरकवायचा. गच्चीवरून मोर्चा टिपला, अंतर शंभर मीटर, तर फरक सात फ्रेमचा. घरातल्या मुलाखतीत अंतर दोन-तीन मीटर असतं, तिथे याचा विचारही करू नका.

इथपर्यंत बहुतेकांना जमतं. खरी गोम पुढे आहे, आणि खालांच्या व्हिडिओत तीच झाली. सुरुवात जुळवली, दोन मिनिटं बघितलं, ठीक वाटलं, फाइल बाहेर काढली. शेवट कुणी बघितलाच नाही.

असं समजा की घरात दोन भिंतीवरची घड्याळं आहेत. रमजानच्या पहिल्या सहरीला दोन्ही सेकंदासकट लावली. ईदच्या चंद्राच्या रात्री ती सेकंदासकट सारखीच असतील? एखादं थोडं पुढे असणारच. प्रत्येक फोनमध्ये, प्रत्येक रेकॉर्डरमध्ये असंच एक क्वार्ट्झचं घड्याळ आहे आणि ते सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचा नमुना घेतं. दोन यंत्रांचे ४८,००० अगदी तंतोतंत एक नसतात. समजा दहा लाखांत चाळीस एवढाच फरक आहे. ऐकायला काहीच नाही. पण तासाभरात तो ०.१४४ सेकंद होतो, साडेतीन फ्रेमहून जास्त. वर बघितलेल्या सगळ्या मर्यादा ओलांडल्या. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही, यंत्र नादुरुस्त नाही, महाग यंत्रांतही थोडं कमी इतकंच. याला सरकणं म्हणतात, आणि ते होणारच असं धरून चाला.

यावर उपाय म्हणजे दुसरी टाळी. मुलाखत संपली, यंत्रं चालूच आहेत, शुक्रिया म्हणायच्या आधी पुन्हा एक टाळी. आता संपादनात पहिली टाळी जुळवा आणि थेट शेवटच्या टाळीवर जा. समजा पन्नास मिनिटांच्या मुलाखतीत शेवटी आवाजाची टाळी चित्रातल्या टाळीपेक्षा चार फ्रेम उशिरा आहे. म्हणजे ३,००० सेकंदांत १६० मिलिसेकंद, ०.००५३ टक्के. आवाज तेवढा आखडायचा. नेहमी आवाजच बदला, चित्राला हात लावू नका, चित्राचा वेग बदलला की फ्रेम गळतात. ऑडॅसिटीत वेग बदलण्याच्या चौकटीत टक्क्यांऐवजी नवी लांबी थेट लिहिता येते, ते सोयीचं. एवढ्या बारीक फरकाने सूर बदलल्याचं कुणाच्याही कानाला कळत नाही.

काही सॉफ्टवेअरमध्ये वेग दोन दशांश स्थळांपर्यंतच लिहिता येतो, तिथे हा आकडा बसतच नाही. मग जुनी पद्धत. मुलाखतीत थांबे असतातच. आजी पाणी पितात, विचार करतात, तुम्ही प्रश्न विचारता. अशा तीन-चार थांब्यांवर आवाज कापा आणि पुढचा तुकडा एकेक फ्रेम सरकवा. थांब्यातच, शब्दात किंवा श्वासात नाही. खरं सांगायचं तर मला ही पद्धत जास्त आवडते, कारण ती करताना मुलाखत पूर्ण ऐकावी लागते.

यंत्र मध्ये बंद करून पुन्हा चालू केलं की नवी टाळी. आणि यंत्रं स्वतःही फाइल तोडतात. अनेक रेकॉर्डर २ किंवा ४ जीबी झाली की पुढची फाइल सुरू करतात, बरेच जुने कॅमेरे अर्ध्या तासाच्या आत थांबतात. त्याचा अंदाज आधी घ्या, शूटिंगच्या दिवशी नको.

आता फोनच्या कॅमेऱ्याचा एक खास रोग. तुम्हाला वाटतं तो सेकंदाला ३० फ्रेम घेतोय. तो घेतो कधी ३०, कधी २८, कधी २४. अंधार असला की फ्रेम उजळ यावी म्हणून वेग आपला आपण कमी करतो. जुन्या घरांच्या माजघरात, जिथे आपल्या बहुतेक मुलाखती होतात, तिथे हे जास्त. आणि संपादनाचं सॉफ्टवेअर समजून चालतं की फ्रेम एकसारख्या अंतराने आल्यात. मग आवाज कधी पुढे, कधी मागे, सरळ रेषेत नाहीच, त्यामुळे वरचा टक्क्यांचा उपायही लागू पडत नाही. तुम्ही एका ठिकाणी बसवता, दुसरीकडे निसटतं. असं दिसलं की आवाजाशी झगडत बसू नका, दोष चित्राच्या फाइलचा आहे. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून ती ठरावीक वेगाच्या फाइलमध्ये बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा. शूटिंगच्या वेळी वेग पक्का करता येणारं अ‍ॅप असेल तर २५ वर कुलूप लावा. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा २५ वर ट्यूबलाइटचा लुकलुकाटही कमी होतो. आणि आजीला खिडकीजवळ बसवा. उजेड हे सिंकचंही औषध आहे.

रेकॉर्डर ४८,००० वर ठेवा, ४४,१०० गाण्यांसाठी असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ संपादनाला घेऊ नका, तो वाटेत पिळून निघालेला असतो. पेन ड्राइव्हने घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि ब्लूटूथचे इअरफोन लावून सिंक तपासू नका. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायलाच उशीर होतो, काही सॉफ्टवेअर तो सावरून घेतात, काही नाही. तुम्ही ठीक असलेली जुळवणी ‘दुरुस्त’ कराल आणि बिघडवून ठेवाल. वायरचे, शंभर-दीडशे रुपयांचे घ्या.

आता एक नाजूक भाग. आवाज वेगळा असला की तो हवा तिथे ठेवता येतो, हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा मोह. बाविसाव्या मिनिटाला आजी छान वाक्य बोलल्या, पण तिथे चेहऱ्यावर सावली आहे. चौथ्या मिनिटाला चेहरा छान आहे. लांबून फारसं कळणार नाही असं ठेवता येतं. सिनेमात रोज करतात. आपण करायचं नाही. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर त्या क्षणाचाच आवाज, एवढा एक नियम मी कुणासाठी मोडत नाही. मधलं बोलणं काढावं लागलं, तर काढा, पण तिथे चित्राला धक्का बसू द्या किंवा क्षणभर पडदा काळा करा. तसबीह धरलेल्या हातांचा क्लोजअप टाकून सांधा झाकण्याची आपल्याला फार हौस आहे. दिसतं सुंदर. पण हाताखाली काय कापलं ते बघणाऱ्याला कळत नाही, आणि ‘भावांनी नाही, मोठ्या भावाने अंगठा घेतला’ यातला ‘नाही, मोठ्या’ एवढाच तुकडा जर त्या हाताखाली गेला, तर आपणही पुतण्याच्याच रांगेत.

तुमच्यातल्या काहींना हे अति वाटेल. मागे एका मित्राने मला म्हटलं, आपा, लोक रील अंगठ्याने सरकवतात, इतकं कोण बघतं? लोक बघत नाहीत हे खरं. ज्याला खोटं ठरवायचंय तो बघतो, थांबवून थांबवून बघतो.

भाषेबद्दल दोन शब्द. खाला कोकणी बोलीत बोलतात, मराठवाड्यातल्या आजी दख्खनीत. मराठी किंवा हिंदी वाचकांसाठी त्यावर आपला स्वच्छ आवाज चढवण्याचा सल्ला तुम्हाला दिला जाईल. मी तरी खाली अक्षरं देते. आवाज त्यांचा, ओठ त्यांचे, अर्थ खाली. अक्षरंही बोलण्याबरोबर यायला हवीत. वाक्य ऐकू येण्याआधी अक्षरं आली की बघणारा वाचून मोकळा होतो आणि ऐकत नाही.

राहिला मूळ फाइलींचा प्रश्न. हदीस ऐकली की आपल्याकडे पहिला प्रश्न सनदेचा असतो, कुणी कुणाकडून ऐकलं. आपल्या व्हिडिओचीही सनद असते. कॅमेऱ्याची मूळ फाइल, रेकॉर्डरची मूळ फाइल, दोन्ही जशा आल्या तशाच, न कापता, न बदलता, दोन वेगळ्या ठिकाणी. सोबत एक साधी वही, कुठली चित्रफाइल कुठल्या आवाजफाइलशी जोडली, टाळ्या कितव्या मिनिटाला, कितपत सरकवलं. हँडब्रेकमधून काढलेली फाइल ही मूळ नव्हे, ऑडॅसिटीतून आखडलेलीही नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचा हॅश नोंदवायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक बिंदू बदलला तरी हॅश बदलतो. घरी आल्यावर संपादनाला हात लावायच्या आधी हॅश काढून वहीत लिहून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या सगळ्या मुलाखती न्यायालयात जाणार नाहीत. कुठली जाईल ते आज कुणालाच माहीत नाही. आणि जिने ओळख लपवायला सांगितलंय तिचं नाव फाइलच्या नावात नको, वहीतही नको, फक्त क्रमांक.

तासाभरापेक्षा जास्त बोलले नाही ना? बरं. चहानंतर जोड्या करायच्या आहेत. एकाने फोनवर चित्र घ्यायचं, दुसऱ्या फोनवर कॉलरच्या माइकने आवाज. विषय, आपल्या दादी-नानीकडून ऐकलेली एक गोष्ट. किमान वीस मिनिटं बोलायचं, कमी नको, नाहीतर सरकणं दिसणारच नाही. टाळी दोन्हीकडे. एका जोडीला मी टाळी वाजवू देणार नाही, त्यांनी ‘बिस्मिल्लाह’वर जुळवून दाखवायचं. वायरचे इअरफोन तिकडे टेबलावर ठेवलेत, आठच आहेत, आळीपाळीने घ्या.